डिकीवाली गाडी आणि रेस? : वाचक विचारतात

प्रश्न : नमस्कार दादा, यूट्यूबवर इंग्लंडमधल्या एका जुन्या रेसचा व्हिडिओ बघितला, बीएमडब्ल्यू, फोर्ड, रेनॉ अशा सगळ्या गाड्या आणि त्यात मधेच एक व्होल्वोची स्टेशन वॅगन, आपली लग्नाचं सामान आणायला वापरतात तसली, सगळ्यांसोबत कर्बवरून (ट्रॅकच्या कडेचा उंच कठडा) उड्या मारत चाललेली. मित्र म्हणतो एडिट केलंय. खरं काय? आणि पळवायचीच होती तर साधी सेडान का नाही पळवली?
(सांगलीहून एक वाचक)

उत्तर : एडिट बिडिट काही नाही, मित्राला सांगा, आता चहा त्याच्याकडून. ती 1994 ची ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप (रस्त्यावरच्या गाड्या रेससाठी बदलून पळवायची स्पर्धा), लोक बीटीसीसी म्हणतात, आणि गाडी व्होल्वो 850 एस्टेट, एस्टेट म्हणजे स्टेशन वॅगनच. इस्टरच्या सुट्टीत थ्रक्स्टनच्या ट्रॅकला पहिली रेस झाली, दोन गाड्या उतरवल्या, एकात स्वीडनचा रिकार्ड रायडेल आणि दुसरीत नेदरलँड्सचा यान लॅमर्स. लॅमर्स म्हणजे कोणी ऐरागैरा नाही हां, 1988 ला जॅग्वारमधून ल मां (फ्रान्सची 24 तासांची प्रसिद्ध रेस) जिंकलेला माणूस, त्याला आणून वॅगनमध्ये बसवला.

गाडी तयार केली टॉम वॉकिनशॉच्या टीडब्ल्यूआर ह्या रेसिंग टीमने, ल मां जिंकलेली ती जॅग्वारसुद्धा त्यांचीच. एस्टेट पळवणार हे बराच काळ गुपित ठेवलं होतं, त्यामुळे कळल्यावर आधी सगळे हसले. मग काय, टीमनेच एकदा परेड लॅपला (रेसआधीच्या दाखवण्याच्या फेरीला) मागे डिकीत एक मोठा खेळण्यातला कोली कुत्रा बसवून गाडी फिरवली. हसताय ना, हसा अजून, असला प्रकार. पण रेसमध्ये ह्याच वॅगनच्या मागे अडकायची वेळ आली की तेच ड्रायव्हर चिडायचे, कारण वॅगनकडून हरलो हे घरी कसं सांगायचं.

आता सेडान का नाही. खरं कारण पब्लिसिटी, हे मी तरी लपवणार नाही. व्होल्वो म्हणजे सेफ, चौकोनी, प्रोफेसर लोकांची गाडी अशी इमेज होती, ती मोडायची होती. (तशी 1985 ला युरोपियन टूरिंग कारचं टायटल व्होल्वो 240 टर्बोनेच मारलं होतं, आणि तीही चौकोनीच, पण लोक विसरले.) सेडान आणली असती तर दहा सेडानमध्ये अकरावी, कोणी फोटोसुद्धा काढला नसता. वॅगन आणली आणि आज इतक्या वर्षांनी सांगलीतून पत्र आलं, म्हणजे पैसे वसूल.

पण नुसती नौटंकी होती असंही समजू नका. तेव्हाच्या सुपर टूरिंग नावाच्या नियमात दोन लिटरचं बिनटर्बो इंजिन, आरपीएमला 8500 ची लिमिट, आणि मुख्य म्हणजे मागे मोठं विंग (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारी आडवी पट्टी) लावायची सोय नाही. अशा वेळी सेडानचं छत मागच्या काचेवरून उतरतं तिथे हवा खाली वळताना जोर धरते आणि गाडीचा मागचा भाग थोडा उचलला जातो, फास्ट कॉर्नरला ते जाणवतं. वॅगनचं छत सरळ मागपर्यंत जातं म्हणून ही उचल कमी, हा तिचा थोडासा फायदा. तोटा म्हणजे मागचं जास्तीचं पत्र्याचं आणि काचेचं वजन, आणि तेही उंचावर. म्हणून मग बाकी सगळं खाली दाबलं, पाच सिलिंडरचं इंजिन शक्य तितकं खाली आणि मागे सरकवलं, ड्रायव्हरची सीटसुद्धा जमिनीला लागेल इतकी खाली आणि मागे. व्हिडिओत परत बघा, रायडेलचं हेल्मेट नेहमीच्या सीटपेक्षा केवढं मागे दिसतं ते.

जिंकली का? नाही. बेस्ट रिझल्ट पाचवा नंबर. सीझन संपला तेव्हा रायडेल चौदावा, लॅमर्स पंधरावा. माझं मत विचाराल तर ह्यात दोष वॅगनचा कमी आणि नवीन गाडीचा जास्त, पहिल्या सीझनला सेडान असती तरी फार वेगळं झालं नसतं.

आणि वॅगन एका वर्षात बंद झाली त्याला कारण अल्फा रोमिओ. त्याच 1994 मध्ये अल्फाने 155 ची एक स्पेशल रोड गाडी काढली आणि तिच्यावर असलेलं रेसलाही चालतं ह्या जोरावर पुढे स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) मागे विंग लावून रेसवर रेस मारल्या, बाकीच्यांनी बोंब मारली, ओल्टन पार्क ट्रॅकला तर अल्फाची टीम चिडून निघूनच गेली, तरी शेवटी टायटल त्यांच्याच गॅब्रिएले टारक्विनीने नेलं. पुढच्या वर्षी सगळ्यांनाच विंग लावायची परवानगी मिळाली, आणि विंग लावायची तर सेडानची डिकीच बरी, वॅगनवर त्याचा काही उपयोग होईना. 1995 ला व्होल्वो 850 सेडान घेऊन आली आणि रायडेल थेट तिसरा. 1998 ला एस40 मधून चॅम्पियनही झाला.

प्रश्न : एस्टेट गाडीने टूरिंग कारचं टायटल कधीच जिंकलं नाही का हो? नवऱ्याशी पैज लागलीय.
(पुण्याहून एक वाचक)

उत्तर : ताई, तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते लिहिलं नाहीत! जिंकलंय. 2017 ची बीटीसीसी, ॲशली सटन, गाडी सुबारू लेव्हॉर्ग, एस्टेटच. पोराचा जन्मच 1994 चा, म्हणजे वॅगन पहिल्यांदा पळाली त्या वर्षीचा.

त्याआधी 2014 ला होंडाने सिव्हिक टूरर ही वॅगन उतरवली होती, ड्रायव्हर मॅट नील आणि गॉर्डन शेडन. ती गाडी इंग्लंडमध्ये स्विंडनलाच बनायची आणि नुकतीच बाजारात येत होती, म्हणजे परत जाहिरात आलीच, पण ह्यावेळी रेसाही जिंकल्या. फरक नियमांचा. तेव्हाच्या नवीन नियमात पुढचा मागचा सबफ्रेम (इंजिन, चाकं बसवायचा सांगाडा), गिअरबॉक्स वगैरे बरंच सामान सगळ्यांना सारखं, टर्बोचा जोर वरून ठरवून दिलेला, जास्त जिंकलात तर वजन लादायचे. मग वरची बॉडी सेडानची का वॅगनची ह्याने पूर्वीइतकं बिघडत नव्हतं. लेव्हॉर्गला तर बोनसच, तिचं बॉक्सर इंजिन आडवं असतं त्यामुळे वजन एकदम खाली बसतं. रस्त्यावर तिच्या चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते, रेसला मात्र नियमामुळे फक्त मागच्या चाकांना.

प्रश्न : दादा माझ्याकडे वडिलांची इंडिगो मरीना पडून आहे, डिझेल. हे सगळं बघून वाटतंय की रेसला काढावी. जमेल का?
(नाशिकहून एक वाचक)

उत्तर : भाऊ, मोह समजतो, आपल्या पुण्यात बनलेली वॅगन आहे आणि मागचं सस्पेन्शनही इंडिपेंडंट. पण कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकला नॅशनलच्या टूरिंग क्लासमध्ये ठरलेल्या गाड्याच चालतात, आणि तुमचं इंजिन डिझेल, तिथे दाराशीच अडकाल. त्यापेक्षा एखादी ऑटोक्रॉस किंवा टाइम अटॅक (दोन्हीत एकट्याने घड्याळाशी शर्यत) बघा, ओपन क्लास आहे का आणि कसलं लायसन्स लागतं हे आयोजकांना आधी फोन करून विचारा. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपचा सांगाडा), बकेट सीट (रेसची खास सीट) ह्याच्यावर आत्ताच पैसे घालू नका. इतकी वर्षं उभी होती ना, मग पहिलं काम ब्रेक फ्लुइड आणि ब्रेकचे होज बदला, टायरवरची तारीख वाचा, रबर कडक झालं असेल तर चारही टायर नवीन, टायमिंग बेल्ट चढवा नवा. आणि स्पेअर व्हील, जॅक, मागची सीट काढून मगच ट्रॅकवर जा. वडिलांना विचारलंय ना?