सोयाबीन नकाशावर हिरवे, मग पाणी आधी कुठे?

प्रश्न (औसा तालुका, जि. लातूर): 2 एकर काळी, दीड एकर मुरमाड, दोन्हीकडे एकाच दिवशी पेरलेले सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत आहे. पंधरा दिवस पाऊस नाही. उपग्रहाच्या नकाशात दोन्ही वावरं सारखीच हिरवी दिसतात. विहिरीत पाणी कमी आहे. आधी कुठे द्यावे?

उत्तर: मुरमाडाला द्या, तिथे ओल कमी टिकते; हिरव्या रंगावर थांबू नका. तुम्ही पाहिला तो एनडीव्हीआय हिरवेपणा मोजतो. पीक दाटले की तो 0.8च्या आसपास अडकतो आणि झाडे दुपारी माना टाकू लागली तरी लगेच उतरत नाही. पानातल्या पाण्याची घट आधी कळते ती एनडीएमआयवर, म्हणजे ओलाव्याच्या आकड्यावर.

कोपर्निकस ब्राउझर ही उपग्रहाची चित्रे दाखवणारी वेबसाइट मोफत आहे. त्यात सेंटिनेल-2 एल2ए (या उपग्रहाची हवेचा परिणाम काढलेली चित्रे) आणि 'मॉइश्चर इंडेक्स' (हाच एनडीएमआय) निवडा. चित्र साधारण दर 5 दिवसांनी मिळते, पण आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे बरीच वाया जातात. म्हणून त्याच तारखेचे साधे रंगीत चित्र आधी पाहा. ढगाची सावली वावरावर असेल तर ती तारीख सोडा.

दोन्ही वावरांच्या हद्दी वेगवेगळ्या आखा, बांधापासून 20 मीटर आत. एनडीव्हीआयचा एक ठिपका 10 बाय 10 मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. ओलाव्याचा 20 बाय 20, म्हणजे चार गुंठे. बांधावरची लिंब-बाभूळ त्यात आली की आकडा फसवतो. वावर अरुंद पट्टीचे असेल तर आत धड ठिपकाच उरत नाही, तिथे खुरपेच खरे.

काळीचा आकडा मुरमाडाशी ताडू नका, कारण पिकाची दाटी आणि मातीचा रंग वेगळा असतो. प्रत्येक वावराची तुलना त्याच्याच मागच्या तारखेशी करा. ओलाव्याचा आकडा घसरतोय आणि एनडीव्हीआय जागेवर आहे, तर ताण सुरू झाला. मग 15 सेंमी खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा होत नसेल तर पाणी द्या.

सप्टेंबरमध्ये पाने पिवळी पडून गळू लागली की दोन्ही आकडे एकदमच पडतात. ते पीक पक्व होणे आहे, तेव्हा पाणी घालू नका.

मुरमाडाला तुषारने एका वेळी 25 मिमी पुरे, एकरी सुमारे एक लाख लिटर. जास्त दिले तर खाली झिरपून जाते. काळीला त्यानंतर, पण भेगा रुंद होण्याआधी द्या. मोकळे सोडलेले पाणी भेगांतूनच खोल उतरते.