अटॅक्सियाचं निदान झालंय? आधी एवढं विचारा

रिपोर्टवर 'सेरेबेलर अटॅक्सिया' (लहान मेंदूच्या बिघाडामुळे तोल आणि हालचालींचा ताळमेळ जाणं) दिसलं की लगेच स्टेम सेलच्या जाहिरातींमागे धावू नका. लाखो रुपये मागणारे भेटतील, पण त्या उपचाराचा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही.

न्यूरोलॉजिस्टना आधी विचारा, दुरुस्त होण्याजोगं कारण तपासलंय का? व्हिटॅमिन ई किंवा बी-१२ची कमतरता, थायरॉइड, दारू, फिट्सवरची फेनिटोइन, गव्हातलं ग्लूटेन. यातलं काही निघालं तर उपचारांची दिशाच बदलते.

मग जनुकीय तपासणी. इथे बरेच जण फसतात. एससीए (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया) या आनुवंशिक आजाराचे बरेच प्रकार आणि फ्रीड्रायख अटॅक्सिया हा दुसरा आनुवंशिक आजार यांत जनुकाचा एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा वाढलेला असतो. नेहमीच्या एक्झोम टेस्टमध्ये (जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग वाचणारी तपासणी) तो सहसा सापडत नाही, 'रिपीट एक्स्पान्शन'ची टेस्ट वेगळी सांगावी लागते. एक्झोम नॉर्मल आली म्हणजे आजार आनुवंशिक नाही, असं मुळीच नाही.

औषधाचं म्हणाल तर फ्रीड्रायखसाठी ओमाव्हेलॉक्सोलोनला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, वय १६ आणि पुढे. त्याने आजार मंदावतो, जात नाही. तोल आणि समन्वयाची फिजिओथेरपी मात्र याच आठवड्यात सुरू करा. आणि हो, संशोधनाच्या बातम्यांत 'सारा' (SARA) स्कोअर दिसेल, म्हणजे अटॅक्सियाची तीव्रता मोजणारा आकडा: ० ते ४०, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त.