कडेवर घेणं हाही व्यायामच

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नसणं) आहे. मांडीवर आडवी घेऊन भरवते. एका जेवणाला तास-सव्वा तास लागतो आणि मधेच ठसका लागतो. काय चुकतंय?

उत्तर : आडवं घेणं. त्यात मान मागे पडते, श्वासनलिकेची वाट मोकळी राहते आणि घास गिळायच्या आत घशात ओघळतो. तिला बसवा. पाठीला आधार द्या, कंबर आणि गुडघे काटकोनात ठेवा, पावलं टेकलेली असू द्या, हनुवटी किंचित खाली. तुम्ही समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडं खाली बसा. उभ्याने भरवलंत तर ती वर बघणार आणि मान पुन्हा मागे जाणार.

चमचा उथळ आणि न तुटणारा हवा. अर्धाच भरा, समोरून आत न्या, जिभेच्या मध्यावर हलकेच दाबा आणि ओठ मिटेपर्यंत थांबा. वरच्या दातांना खरवडून घास सोडू नका, त्याने डोकं मागे झटकलं जातं. आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा देऊ नका. अन्न एकसारखं मऊ हवं. पातळ रसात तरंगणाऱ्या गुठळ्या सर्वांत अवघड. अर्ध्या तासात थांबा, कमी पडलं तर दिवसातली जेवणं वाढवा. नंतर अर्धा तास आडवं करू नका.

गिळल्यावर आवाज घरघरतो, छातीत वारंवार कफ होतो किंवा वजन वाढत नाही, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. खाताना ओठ निळे पडले तर त्याच दिवशी. अशा वेळी नुसत्या बैठकीवर विसंबू नका.

प्रश्न : मापाची खुर्ची परवडत नाही. पुठ्ठ्याची टिकते का?

उत्तर : टिकते, वाळवताना घाई केली नाही तर. जुन्या खोक्यांचा पन्हळी पुठ्ठा घ्या. 1 वाटी मैदा थोड्या गार पाण्यात कालवून एकूण 5 वाट्या पाण्यात शिजवा, खळ तयार. पाच-सहा थर चिकटवा, एकाच्या पन्हळी उभ्या तर पुढच्याच्या आडव्या. सगळ्या एकाच दिशेला राहिल्या तर बैठक मधोमध मोडते. रात्रभर वजनाखाली दाबा, मग आतपर्यंत खडखडीत वाळू द्या. ओल राहिली की बुरशी आलीच. कडांवर कागदाच्या पट्ट्यांचे दोन थर द्या आणि शेवटी शिसं नसलेला तेलरंग. खळीत मोरचूद घालू नका, ते विषारी असतं. मूल खुर्ची चाटणारच.

मापं मुलाला बसवूनच घ्या. बैठकीची खोली : नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत, वजा दोन बोटं. उंची : गुडघ्यामागून टाचेपर्यंत. रुंदी : दोन्ही बाजूंना एकेक बोट मोकळं. सर्वाधिक चूक खोलीत होते. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून ती जास्त ठेवली जाते, मग मूल पुढे घसरतं, पाठीला पोक येतो आणि लोक छातीला पट्टा बांधतात. पट्टा हवा तो कमरेच्या हाडांवरून, तिरका, खाली आणि मागे ओढणारा; पोटावर नव्हे. आधी स्वतः भार देऊन खुर्ची तपासा. मुलाला पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसवा. उठवल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तिथे दाब पडतोय. तेवढा भाग दुरुस्त करा.

प्रश्न : मी घरभेटी देणारी कार्यकर्ती. अकरा व्यायाम लिहून दिले, पालक एकही करत नाहीत.

उत्तर : अकरा मीही केले नसते. घरात मजुरी, स्वयंपाक, बाकीची मुलं असतात. व्यायामाचा वेगळा तास निघत नाही. जे रोज होतंच त्यात शिरा. पाय कात्रीसारखे आवळत असतील तर मुलाला पाय फाकवून कडेवर घ्यायला शिकवा, दर वेळी बाजू बदलून. दिवसातून कितीदा तरी ताण मिळतो, तोही फुकट. कपडे घालताना आखडलेला हात आधी, काढताना शेवटी. एका भेटीत दोनच गोष्टी शिकवा. तुम्ही करून दाखवा, मग पालकांना तुमच्यासमोर करू द्या. वहीत ‘सुधारणा आहे’ असं लिहू नका. ‘भिंतीला टेकून 2 मिनिटं बसतो, पुढच्या महिन्यात 5’ असं लिहा.

प्रश्न : क्लबफूटची (जन्मतः आत वळलेल्या पावलाची) प्लास्टरं झाली, पाऊल सरळ झालं. ब्रेसमध्ये (दांडीने जोडलेल्या बुटांमध्ये) बाळ रडतं, रात्री काढला तर चालेल?

उत्तर : नाही. प्लास्टरांनी पाऊल हळूहळू सरळ करायच्या या पोन्सेटी पद्धतीत ब्रेस सुरुवातीचे 3 महिने दिवसाला 23 तास आणि पुढे झोपेच्या वेळी, साधारण चार-पाच वर्षांपर्यंत असतो. पाऊल पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण ब्रेस सोडणं हेच. बूट घालताना टाच पूर्ण खाली बसली का पाहा. वर सरकत असेल तर घासून फोड येतो आणि रडणं त्याचंच असतं. पट्टा सैल केला तर टाच आणखी सरकते. फोड आला किंवा टाच बसतच नसेल तर लगेच दवाखान्यात दाखवा. दांडीला धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचा खेळ दिवसातून अनेकदा खेळा. पाय वेगवेगळे झाडता येत नाहीत, हे बाळाला त्यातून कळतं.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं, फक्त उजवाच हात वापरतं. डावखुरं नाही एवढंच ना?

उत्तर : वर्षाच्या आत असं एका हाताकडे झुकणं हे दुसरा हात अशक्त असल्याचं लक्षण असू शकतं. ‘थांबून बघू’ नको, याच आठवड्यात दाखवा. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर जितके आठवडे आधी, तितके वयातून वजा करून सांगा.