सिनॉप्सिसच्या आधी

पोरी,

रविवारी तू आलीस तेव्हा कूलरच्या घरघरीत माझं निम्मं बोलणं वाया गेलं, म्हणून हे पत्र. निघताना पायऱ्यांवर तू म्हणालीस, 'सर, मेडिकलवाल्यांचं संशोधन तेच खरं. एज्युकेशनवाले फॉर्म भरून राहिले अन् आम्ही आर्ट्सवाले नुसतं वाचून राहिलो. पीएच.डी.ला मी काही आकडेवारीचंच घेऊ का?' मी नुसता हसलो. तुला वाटलं, म्हाताऱ्यानं टाळलं. टाळलं नव्हतं गं, उत्तर लांब होतं आणि तुला बस पकडायची होती.

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण मी शिकलो ते नागपूरच्या धरमपेठेतल्या या जेवणाच्या टेबलावर. मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी दवाखान्यांचे रेसिडेंट डॉक्टर, एम.एड.चे शिक्षक, मराठी-इतिहास-संगीतातले पीएच.डी.वाले, सगळे एकच वाक्य घेऊन यायचे: 'सर, तेवढं सॅम्पल साइज काढून द्या', म्हणजे किती जणांना तपासायचं ते. तेवढं! जसं काही किराण्याच्या यादीत हळद राहून गेली.

सिकलसेलच घे, आपल्या विदर्भातला रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, चूक तेवढीच. पण ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद छापली होती. हा आजार कुणाच्या रक्तात आहे, हायड्रॉक्सीयुरिया या औषधानं दुखण्याचे झटके किती कमी होतात, हे मेडिकलवाला विचारणार. पण तेच पोर शाळेत जातं. महिन्यातून चार दिवस घरी कण्हत पडतं आणि हजेरीपटावर शेरा पडतो, 'अनियमित'. बाई त्याला उन्हात कवायतीला उभं करतात की पाणी प्यायला सोडतात? हे रक्ताच्या थेंबात दिसत नाही. आणि लग्नाच्या बैठकीत मुलीचं तपासणीचं कार्ड दाखवायचं की दडवायचं, घरात त्या आजाराला काय नाव आहे, ते नाव घेताना आजीचा आवाज का उतरतो, हे तर ओसरीवर बसून ऐकल्याशिवाय कळायचं नाही. आता सांग, यातलं खोटं संशोधन कुठलं?

मेडिकलची पोरं शिस्तीची असतात, हे मान्य. त्यांना भीती असते ती स्वतःच्याच डोळ्यांची: आपण दिलेल्या औषधानं पेशंट बरा झालेला दिसावा, असं प्रत्येकालाच वाटतं. म्हणून दोन गट, चिठ्ठ्या टाकून वाटणी, एथिक्स कमिटीची परवानगी, रुग्णाची लेखी संमती. पण शिस्त म्हणजे महागडं यंत्र नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना बाळांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा होता. त्यासाठी मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावच्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग मणी ओवलेली चौकट आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला, तर न्यूमोनिया. पुढे घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगात, ३९ गावांमध्ये, नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आलं. तो निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मला मात्र निबंधापेक्षा तो लाल मणी जास्त आठवतो.

शिक्षणातलं दुखणं वेगळं. गोळी कुणी दिली तरी गोळीच राहते, पण धडा शिकवणारी बाई बदलली की धडाच बदलतो. शिवाय तुम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसलात की वर्गही बदलतो. गडचिरोलीकडची एक शिक्षिका माझ्याकडे पहिलीच्या चाचणीचे गुण घेऊन आली होती. पोरं चित्र ओळखण्यातही नापास. सरासरी, प्रमाण विचलन, सगळं मी काढून दिलं. निघताना ती सहज म्हणाली, 'पाण्याचं चित्र दाखवलं की येर म्हणतात हो.' गोंडीत पाण्याला येर म्हणतात. पोरांना पाणी येत होतं, मराठी येत नव्हती, आणि आमची चाचणी हा फरक जाणतच नव्हती. तिचा खरा प्रबंध त्या एका वाक्यात होता. माझ्या तक्त्यांत तो कुठेच नव्हता.

आता तुमचं, आर्ट्सचं. नुसतं वाचून राहिलो म्हणतेस, तर जुने लेख वाचणाऱ्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी काय केलं ते बघ. विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटकांचे ताम्रपट राजाच्या राज्यवर्षाचा आकडा देतात, शक-संवत देत नाहीत. 'तेराव्या वर्षी' म्हणजे नेमकं कधी? पुण्यात मिळालेल्या एका ताम्रपटात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता आपण गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी असल्याचं सांगते, आणि गुप्तांचा काळ माहीत असल्यानं वाकाटकांची गाठ तिथे बसते. तो ताम्रपट दिला गेला नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून. तिच्याच रिद्धपूरच्या ताम्रपटात रामगिरिस्वामीच्या पायांचा उल्लेख येतो. अक्षराचं वळण, गावाचं नाव, नदीची दिशा, एकेक जुळवत मिराशी मेघदूतातल्या रामगिरीपर्यंत, म्हणजे आपल्या रामटेकपर्यंत, पोहोचले. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा खंड १९६३ मध्ये निघाला. यात सॅम्पल साइज कुठे टाकतेस? ताम्रपट हाती लागले तेवढेच, पण एक अक्षर चुकीचं वाचलं तर राजा पन्नास वर्षं इकडचा तिकडे होतो.

हे शहाणपण मला उशिरा आलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, दंडार या लोकनाट्यावर काम करणारी एक मुलगी आली होती. तीही तुझ्यासारखीच, आपलं काम 'शास्त्रीय' दिसावं म्हणून धडपडणारी. मी तिला चाळीस विधानांची प्रश्नावली करून दिली, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच रकाने. ती तिनं गावोगाव फिरून भरून आणली. एका म्हाताऱ्या शाहिरानं चाळीसही ठिकाणी 'पूर्ण सहमत' म्हटलं. दारी आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्यानं सगळीकडे 'सहमत'. अशा एकसुरी उत्तरांनी प्रश्नावलीची विश्वासार्हता काढली तर ती भरमसाठ येते. एकापैकी ०.९४ आली. आम्ही दोघं खूश. फॉर्म संपल्यावर त्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं, 'बाई, गानं आयकाचं हाय का?' तिची शेवटची गाडी होती. ती निघाली. प्रबंध मंजूर झाला, मुलगी आज प्राध्यापक आहे. शाहीर दोन वर्षांनी गेले. गाणी कुणीच उतरवून घेतलेली नव्हती. प्रश्नावली माझी होती, म्हणून हे तिच्या नव्हे, माझ्या खात्यावर.

तू झाडीपट्टीच्या नाटकांचं बोलत होतीस. मग आकडेवारीच्या मागे लागू नकोस, आणि सिनॉप्सिसही, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, एवढ्यात लिहू नकोस. पीएच.डी.ला किमान ३ वर्षं असतातच, त्यातले सहा महिने बघण्यात जाऊ दे. तोवर शोधगंगा या संकेतस्थळावर जुने प्रबंध चाळ, निदान कुणाचा विषय पुन्हा दळू नये म्हणून. चार दिवसांत पेपर छापून देतो म्हणणाऱ्यांचे मेसेज येतील, ते सरळ डिलीट कर.

दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून पत्रकारांची ये-जा वाढली असेल, पण बहुतेक जण पहिला अंक बघून परततात. तू पहाटेपर्यंत बस. रंगमंचाकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघ: बाया कधी उठून जातात, कुठल्या वाक्याला शिट्टी येते, झोपलेलं पोर कुठल्या गाण्याला जागं होतं. पोस्टरवर नाव कुणाचं मोठं, कुणाचं बारीक, ते वहीत उतरव. मग एखादी गोष्ट मोजावीशी वाटलीच, तर मोज. शिट्ट्या मोजल्यास तरी मला चालेल.

शाल ने, तिकडे रात्री गार असतात. परतीचं तिकीट काढू नकोस. आल्यावर वही घेऊन ये. पोहे मी करतो, तर्री तू कोपऱ्यावरून आण.

तुझा,
सर