अंगकोरला एकटीने निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या प्रवासाचा आराखडा दोनदा वाचला. बँकॉक, अयुथया, सिएम रीप, होई आन आणि योग्यकार्ता ही पाच ठिकाणे तू अठरा दिवसांत बसवली आहेस आणि त्यांतले सिएम रीपजवळच्या अंगकोरच्या, म्हणजे कंबोडियातल्या त्या जुन्या देवळांच्या, वाट्याला जेमतेम दीड दिवस आले आहेत. माझे ऐकशील तर यांतली दोन ठिकाणे गाळ आणि अंगकोरला सहा दिवस दे. पहिल्या खेपेस मीही असाच धावता प्रवास केला होता. चौथ्याच दिवशी ऊन बाधले, आणि ज्या देवळांसाठी एवढ्या लांब गेले होते त्यांच्या गावात दोन दिवस खोलीत पडून काढावे लागले.

दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले अंगकोर वाट हे मुळात विष्णूचे मंदिर, आणि ते पश्चिमाभिमुख आहे. आत शिरल्यावर प्रदक्षिणेच्या सवयीने आपले पाय डावीकडे वळतात. येथे मात्र उजवीकडे वळ, कारण ओवऱ्यांमधले शिल्पपट भिंत डाव्या हाताला ठेवून वाचायचे आहेत. अशी उलटी फेरी अंत्यविधीत घालतात, म्हणून हे राजाचे स्मृतिमंदिरही असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पहिल्याच ओवरीत कुरुक्षेत्र लागते, आणि तेथे शरपंजरी पडलेले भीष्म तुला कोणी न सांगता ओळखू येतील. परक्या देशात, एकही ओळखीचा माणूस जवळ नसताना, लहानपणी कीर्तनात ऐकलेली गोष्ट दगडात समोर उभी राहते तेव्हा काय वाटते, ते तुला एकटीनेच अनुभवता यावे अशी माझी फार इच्छा आहे.

दक्षिणेची राजाची मिरवणूक आणि स्वर्ग-नरक ओलांडून पूर्वेला वळलीस की समुद्रमंथन येते. सूर्योदयाच्या वेळी बहुतेक मंडळी पश्चिमेच्या तळ्याकाठी छायाचित्रांसाठी थांबलेली असतात. तू उजाडताच या ओवरीत ये, कारण कोवळे ऊन तिच्यातच शिरते. सुमारे 49 मीटर लांबीच्या या पटावर 92 असुर आणि 88 देव वासुकीला ओढत आहेत, मध्ये विष्णू आहे आणि खाली कूर्म. त्या कूर्माजवळ वाकून बघ. घुसळणीच्या जवळ आलेले मासे आणि मगरी मधोमध चिरल्या गेल्या आहेत, तर दूरचे मासे अखंड पोहत आहेत. पाण्याचा वेग दाखवायला त्या कारागिराला एवढेच पुरले. मात्र हात लावू नकोस. आजवर लागलेल्या हातांनी हा दगड जागोजागी गुळगुळीत झाला आहे.

पश्चिमेच्या बाहेरच्या गोपुरात आठ हातांची विष्णुमूर्ती आहे. लोक तिला ता रीच म्हणतात आणि आजही तिच्यापुढे उदबत्त्या लावतात. तेथे टोपी काढ, आवाज खाली ठेव, नमस्कार कर. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर मुख्य मंदिराच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत, म्हणून सैलसर सुती कपडे ने.

आता व्यवहाराचे. एका दिवसाचा पास 37 डॉलरचा आहे आणि सात दिवसांचा 72 डॉलरचा. हे सात दिवस महिनाभरात केव्हाही वापरता येतात, त्यामुळे मधे एखादा दिवस नुसता आराम करता येतो. डॉलरच्या नोटा कोऱ्या ने, कडेला जराशी फाटलेली नोटही परत करतात. दुपारी अकरा ते तीन सावलीत राहा आणि तहान लागण्याची वाट न बघता पाणी पीत जा. टुकटुकवाला शक्यतो रोज तोच ठेव, भाडे आदल्या दिवशी ठरव, आणि कुठे निघालीस ते मुक्कामाच्या ठिकाणी सांगून जा. 967 सालचे बांते स्रेईचे देऊळ शहरापासून लांब आहे, पण त्या गुलाबी दगडावरचे कोरीवकाम चुकवू नकोस. त्यासाठी वेगळी सकाळ राख.

बँकॉकहून रस्त्याने सिएम रीपला जाण्याचा बेत मात्र सोडून दे. 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई झाली आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. विमानाचेच तिकीट धर, आणि निघण्याआधी दोन्ही देशांतल्या आपल्या दूतावासांच्या सूचना वाच.

सुधारलेला आराखडा पाठव. आणि परतलीस की कूर्माच्या डाव्या अंगाला काय काय दिसले, ते मला सविस्तर लिही.

तुझ्या
बाई