हिवाळ्यात सुवासिक फुले देणारी झुडपे घरच्या बागेत कशी वाढवावीत?

हिवाळ्यात सुगंध देणारी कोणती झुडपे लावावीत आणि दरवर्षी छाटणी करूनही आपल्या झुडपाला कळ्या का धरत नाहीत, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा छाटणीच्या वेळेतच दडलेले आहे. अशा बहुतेक झुडपांच्या कळ्या आदल्या मोसमात वाढून जून झालेल्या फांद्यांवर धरतात. त्यामुळे थंडीच्या तोंडावर बाग नीटनेटकी करण्याच्या हौसेने कात्री चालवली, तर त्या वर्षीचा बहर फांद्यांबरोबरच जातो. छाटणी बहर ओसरताच करावी आणि तीही वाळक्या, गुंतलेल्या किंवा फार जुन्या फांद्यांपुरतीच.

निवड थंडीच्या मानाने करावी. जिथे पाणी गोठण्याइतका गारठा पडत नाही तिथे कुंद लावावा. त्याला भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा पुरतो. मात्र त्याचा गंध मंद असतो, मोगऱ्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. कडक थंडीच्या प्रदेशात माझी पहिली पसंती मूळच्या चीनमधील विंटरस्वीटला आहे. पाने गळून गेलेल्या फांद्यांवर येणारी त्याची मेणासारखी पिवळसर फुले दिसायला साधी असली, तरी त्यांचा सुवास दूरवर जातो. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फुले यायला ५ ते १० वर्षेही लागू शकतात, म्हणून दाबकलमाने, म्हणजे झाडाला जोडलेलीच फांदी मातीत दाबून तिला मुळे फुटल्यावर वेगळी करून, तयार केलेले रोप घ्यावे आणि उन्हाळ्यात भरपूर ऊन मिळेल अशा जागी लावावे, कारण त्या उन्हातच फांद्या पक्व होतात. बागेत सावलीच असेल, तर सदाहरित सार्कोकोका निवडावे. डॅफ्नीचा सुगंध अप्रतिम असला तरी तिची मुळे दुखावलेली तिला खपत नाहीत, शिवाय तिचे सर्व भाग विषारी असतात. घरात लहान मुले असल्यास मी ती लावणार नाही.

हिवाळ्यात बागेत फारसे कोणी रेंगाळत नाही, म्हणून हे झुडूप कोपऱ्यात न लावता दाराजवळ किंवा रोजच्या पायवाटेलगत लावावे. दहिवर पडणाऱ्या भागात मात्र पूर्वेकडची उघडी जागा टाळावी, कारण रात्री गोठलेल्या कळ्यांवर सकाळचे ऊन एकदम पडले, तर त्या झपाट्याने वितळून काळ्या पडतात.