बीटी लावूनही बोंडात गुलाबी अळी कशी?

बीजी-2 चं, म्हणजे अळी मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीच्या दोन जनुकांच्या बियाण्याचं पाकीट लावलं तरी बोंडं किडकी निघाली, म्हणजे बियाणं बोगस का, असं तुम्ही विचारलंय. बोगस बियाणं बाजारात असतंच, पण इथे कारण बहुधा ते नाही. ही अळी बीटीचं विष पचवायला शिकलीय. 2002 साली आलेल्या पहिल्या बीटीला दाद न देणारी गुलाबी अळी 2010 पर्यंत गुजरातेत सापडली होती. 2006 च्या बीजी-2 मधलं दुसरं जनुकही पुढे तिच्यापुरतं निकामी झालं. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात या अळीनं कपाशीची कशी वाट लावली, ते कापूस लावणारा कोणीही सांगेल.

मग हिरव्या बोंडअळीवर बीटी अजून बऱ्यापैकी का चालतं? खरी गोम इथेच आहे. हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, जे मिळेल ते खाते. तिथे बीटी नाही, त्यामुळे विषाला बळी पडणारे पतंगही पैदा होत राहतात आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होते. गुलाबी अळी जगते मुख्यतः कपाशीवर, आणि आपली कपाशी जवळपास सगळी बीटी. असे बळी पडणारे पतंग पैदा व्हावेत म्हणून कडेनं लावायच्या नॉन-बीटीच्या पुड्या आपण धुऱ्यावर भिरकावल्या, हेही आहेच.

पतंग अगदी मामुली, करडा, जेमतेम सेंटीमीटरभर, रात्री फिरणारा. अंड्यातून निघालेली अळी लगेच पातीत (कळीत) नाहीतर बोंडात शिरते, मागे भोकही बुजतं. मग फवारा कितीही महागडा असो, आत पोचत नाही. न उमललेली, पाकळ्या चिकटलेली डोमकळी दिसली की तोडून जाळा.

हंगामाच्या शेवटी अळ्या कोशात न जाता सरकीत नाहीतर किडक्या बोंडात महिनोन्‌महिने सुस्त पडून राहतात. फरदड घेणं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी राखून आणखी वेचा काढणं, म्हणजे त्यांना आयतं खाणं घालणं. माझं तर स्पष्ट मत आहे, डिसेंबरअखेर कपाशी उपटाच. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) गोठ्यामागे रचून ठेवू नका. मेमध्ये लागवडही नको. पहिल्या पावसात निघालेल्या पतंगांना पात्या-फुलं मिळाली नाहीत तर त्यांची ती पिढी वाया जाते.

आत्तासाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ नर सापडले तर फवारणीची वेळ झाली. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, मात्र वेळेवर बदला. जुनी झाली की सापळा रिकामा दिसतो आणि आपण समजतो, वावरात कीडच नाही.